मापट्याचे अप्पा

अप्पांनी आयुष्यात ‘एक’ हा आकडा कधी उच्चारला नाही. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ते मापाडी होते. चाळीस वर्षं त्यांनी धान्याची पोती काट्यावर तोलली, आणि तिथला रिवाज असा की मोजणीची सुरुवात ‘एक’नं करायची नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. ही सवय मोंढ्यातच ठेवून घरी येतील ते अप्पा कसले! जिन्याची पहिली पायरी लाभ, ताटातली पहिली भाकरी लाभ. एकदा डॉक्टरांनी “मुलं किती?” म्हणून विचारलं तर “लाभ” म्हणून मोकळे झाले. शेवटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मध्ये पडून सांगितलं, की एकच मुलगा आहे आणि तो लातूरला असतो.

आवाजही मोंढ्यातलाच. पत्र्याच्या शेडखाली शंभर माणसांच्या गलक्यात पोचवायचा आवाज ते घरातल्या तीन खोल्यांत वापरत. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “हळू बोला की! घरात कामून मोंढा भरवून राहिलाव?” आणि हे त्या ज्या आवाजात म्हणायच्या तोही काही कमी नसायचा.

मी मूळची नांदेडची. उदगीरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला म्हणून गेले आणि अप्पांच्या माडीवर पाच वर्षं भाड्यानं राहिले. खाली अप्पा आणि काकू, वर मी, आणि मध्ये तेवीस पायऱ्यांचा जिना. त्या जिन्यावर बसून मी माणसांविषयी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. कुत्र्याच्या पिलाविषयीही तिथंच शिकले, हे सांगायला मला प्राणिशास्त्राची बाई म्हणून जरा लाज वाटते.

अप्पा मोंढ्यातून निवृत्त झाले तो दिवस मला चांगला आठवतो. व्यापाऱ्यांनी आणि हमालांनी मिळून त्यांचा सत्कार केला होता. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा गळ्यात हार होता, कपाळावरचं भस्म घामानं पुसलं होतं, आणि सत्काराची शाल खांद्यावर असायच्या ऐवजी छातीशी गोळा करून धरलेली होती. काकू कौतुकानं पुढं झाल्या. “बघू तरी कसली दिली शाल,” म्हणून त्यांनी ती उलगडायला घेतली आणि झटकन हात मागं घेतला. शाल ओली होती. आत तांबूस रंगाचं, गाढ झोपलेलं कुत्र्याचं एक पिल्लू होतं, आणि त्यानं अप्पांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार आपल्या परीनं करून टाकला होता.

“गोदामाच्या मागं सापडलं,” अप्पा म्हणाले. “आई कुठं दिसंना. तिथं ठेवलं तर ट्रकखाली जाईल. एवढंसं हाय, बघ की. मापटंभर.”

मापटं म्हणजे धान्य मोजायचं जुनं, लहानसं माप. त्या क्षणी त्याचं नाव मापट्या पडलं.

काकूंचं घर म्हणजे आरशासारखं. पहाटे अंघोळ, मग हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि त्यानंतरच चूल. सोवळ्याला त्या कानडी शब्द वापरायच्या, मडी. “माझी मडी मोडली” असं त्या म्हणाल्या की अप्पा चप्पल घालून बाहेर पडायचे. त्यात उदगीरचा नळ आठ-आठ दिवसांनी येणार. “मडीचं एक वेळ राहू द्या,” काकू म्हणाल्या. “नळ आठवड्यातून एकदा, आन् ह्याचं दिवसातनं सात वेळा. फरशी काय थुंकीनं पुसू?”

पण काकू न्यायी बाई होत्या. त्यांनी मुदत दिली. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी त्यांच्या घरी दर वर्षी मठाचे स्वामी यायचे. त्यांची पाद्यपूजा व्हायची, मग पन्नासेक माणसांचा प्रसाद. “तवर ह्याला बाहेर जायची सवय लागली तर राहू द्या. न्हाई लागली तर मंगळवारी लोह्याला माझ्या भावाच्या शेतात. तिथं कुठं बी मुतू दे.”

अप्पांनी मान डोलावली. रात्री जेवले मात्र नीट नाहीत, असं काकूंनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

शिकवणी सुरू झाली. मी मोबाईलवर वाचून सांगितलं, की पिलानं बाहेर केलं की लगेच बिस्किट द्यायचं. अप्पा विचारात पडले. “म्हंजे ते बिस्किटासाठी मुतंल. मग बिस्किट संपलं की?” गल्लीतले लोक तर सल्ले द्यायला टपलेलेच होते. समोरचे एक गृहस्थ म्हणाले, “अप्पा, सोपं हाय. जिथं केलं तिथं त्याचं नाक घासा. दोन दिवसांत सुधरंल.”

अप्पा मग म्हणाले, “ज्याचं तोंड त्याच्याच घाणीत घातलं, आसं एक तरी मानूस सुधारलेलं बघितलं का तुम्ही?” (‘एक’ म्हणाले खरे. पण तिथं ते मोजत नव्हते.) गृहस्थ घरी गेले. पुढं आठ दिवस आले नाहीत.

अप्पांनी स्वतःची पद्धत काढली. त्यांनी पोत्याचं तरट हातभर कापून घेतलं. मापट्या बैठकीच्या खोलीत मधोमध बसायचा, तिथंच ते अंथरलं. पिलाला वास लागावा म्हणून पहिल्यांदा त्यानं भिजवलेली फरशी त्याच तरटानं पुसली. मग रोज सकाळी ते तरट वीतभर दाराकडं सरकवायचं. फक्त वीतभर. मी म्हटलं, “अप्पा, एकदम दाराशीच का नाही ठेवत?” ते म्हणाले, “मॅडम, काटा कधी धक्का देऊन बसत न्हाई. दाणा दाणा टाकत बसवायचा.”

आणि एक नियम त्यांनी सगळ्यांवर लादला. मापट्या तरटावर जाऊन गोल फिरायला लागला की तोंड फिरवायचं. बघायचं नाही. स्वतः अप्पा धोतर सावरून पाठमोरे उभे राहायचे. दारात दूधवाला असला तरी त्याला हुकूम: “तोंड फिरवा! लाज त्याला बी हाय.” मी जिन्यावरून उतरत असले तर मलाही भिंतीकडं वळावं लागायचं. त्या महिन्यात मी भिंतीवरच्या चुन्याचा फार बारकाईनं अभ्यास केला.

पिलाशी ते कानडीत बोलायचे. भांडण मराठीत, घासाघीस उर्दूत आणि माया कानडीत, अशी त्यांच्या तोंडाची वाटणी होती. “होरग होग, मापट्या, होरग होग,” म्हणजे बाहेर जा. हे ते इतक्या हळू आवाजात म्हणायचे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं खोलीत दुसरंच कुणीतरी आहे.

चुका व्हायच्याच. देवघराच्या उंबऱ्याशी एकदा, काकूंच्या चटईवर दोनदा. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “इतके दिवस झाले. त्याला कळत न्हाई का?”

“कळतंय गं. आवरत न्हाई,” अप्पा म्हणाले. “कळनं येगळं आन् आवरनं येगळं. तुझ्या लेकाला तीन वर्सं लागली हुती. त्याला धाडला का लोह्याला?”

काकूंना हसू आलं, पण ते त्यांनी पदरात लपवलं आणि फडकं आणायला गेल्या.

तेविसाव्या दिवशी तरट उंबऱ्याच्या बाहेर गेलं. अंगणात शेवग्याच्या झाडाखाली. मापट्या दाराशी गेला, थांबला, मागं बघितलं आणि उतरून तरटावर गेला. अप्पांनी तोंड फिरवलं. मग वळून बघितलं आणि मोंढ्यातल्या आवाजात आरोळी ठोकली, “लाभ!” तीन घरं सोडून राहणारी बाई काय झालं म्हणून बाहेर आली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अप्पांची मोजणी सहापर्यंत गेली.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण अप्पांना कौतुक पोटात ठेवता येत नसे. श्रावण लागला होता, मोंढ्यात नवा मूग आला होता, आणि आपलं शहाणं पिल्लू जुन्या सोबत्यांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पुढचं मला एका हमालानं सांगितलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. तिघांच्या सांगण्यात फक्त हसण्याचा फरक होता.

अप्पा ज्या आडतीच्या दुकानात सगळ्यात जास्त काळ काम करत होते, तिथं हंगामातल्या मुगाची पहिली पोती लागली होती. हळदीकुंकू वाहिलेलं, नारळ फोडलेला. शेटजींनी अप्पांना खुर्ची दिली. अप्पांनी मापट्याला खाली सोडलं आणि सांगायला सुरुवात केली, की घरात एक थेंब नाही, शिस्त म्हणजे शिस्त. मापट्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्याच्या आयुष्यात त्याला एकच गोष्ट शिकवली होती: पोतं दिसलं की करायचं. आणि इथं तर डोळे पोचतील तिथपर्यंत पोतीच पोती. तो पूजेच्या पोत्यावर चढला, शिस्तीत गोल फिरला आणि बसला.

अप्पांनी सवयीनं तोंड फिरवलं. हेच लोकांना जास्त आवडलं.

शेटजी भला माणूस. म्हणाले, “अप्पा, तुमचा वारस आला वाटतं माप घालायला.” सगळी आडत हसली. अप्पा हसले नाहीत. पासष्ट वर्षांच्या त्या माणसानं हमालाला हात लावू दिला नाही. स्वतः पोतं सोडलं, वरचा भिजलेला मूग काढून टाकला, बाकीचा नव्या पोत्यात भरला, तोंड शिवलं आणि मग पिल्लू उचलून घरी आले.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काकू दारातच होत्या. “पोत्यावर शिकवलं, पोत्यावर केलं,” त्या म्हणाल्या. “त्याची चूक न्हाई, तुमची हाय. पर सोमवार तोच हाय.”

त्या संध्याकाळी अप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मापट्या त्यांच्या चपलेवर झोपला होता. मी शेजारी बसले.

“मॅडम, चाळीस वर्सं पोत्यात गेली,” ते म्हणाले. “शिकवायला बसलो तर हाताला दुसरं काय लागनार?” मग म्हणाले, “ह्यो गेला तर सकाळी उठून मी करू काय? काट्याकडं तर जायचं न्हाई आता.”

अप्पांना घरी बसवणं म्हणजे काय, ते मी त्या दिवसापर्यंत विचारातच घेतलं नव्हतं. सकाळी सहाला उठून तरट सरकवायचं, एवढंच काम त्या माणसाकडं उरलं होतं, आणि ते त्यानं जीव लावून केलं होतं.

बारा दिवस हातात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा शेवग्याखालची माती घमेल्यात भरत होते. ती त्यांनी तरटावर पसरली, मूठभर. रोज मूठभर माती जास्त आणि तरट चार बोटं कमी. कात्रीनं कापायचे आणि कापलेला तुकडा खिशात घालायचे, पिलाला वास यायला नको म्हणून. शेवटी शेवटी रुमालाएवढं तरट राहिलं, मग पोळीएवढं, मग नुसती माती. मग त्यांनी परीक्षा घेतली. बैठकीत कोरं पोतं अंथरलं आणि मापट्याला मोकळं सोडलं. पहिल्या दिवशी नापास. दुसऱ्या दिवशी नापास. तिसऱ्या दिवशी त्यानं पोतं हुंगलं, अप्पांकडं बघितलं, आणि बाहेर गेला. “लाभ,” अप्पा म्हणाले, पण हळूच. या वेळी त्यांना खात्री नव्हती.

सोमवार उजाडला. मी रांगोळी काढायला सकाळीच खाली आले, तर अप्पा दारात पांढरेफटक उभे. पंगतीला बसायला मोंढ्यातून दर वर्षीसारख्या तरटाच्या पट्ट्या आल्या होत्या. बैठकीपासून अंगणापर्यंत, या भिंतीला एक, त्या भिंतीला एक. मापट्यासाठी आजवर हातभर अंथरलं होतं. आज घरभर अंथरलं होतं.

“माझ्या खोलीत ठेवते त्याला, कडी लावून,” मी म्हटलं.

“कडी लावायची न्हाई,” मागून काकू म्हणाल्या. हातात उदबत्त्या होत्या. “ठरलंय ते ठरलंय. मोकळा राहू द्या. मला बी बघू द्या.”

स्वामी आले. पाटावर बसले, काकूंनी आणि अप्पांनी त्यांचे पाय धुतले, फुलं वाहिली. मग पंगत बसली. अप्पा हुग्गीचं पातेलं घेऊन वाढायला निघाले. हुग्गी म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर. आणि ते पंगतीच्या मध्यावर असताना मापट्या आत आला.

तो तरटावरून चालत निघाला. एका काकांच्या गुडघ्याशी थांबला. हुंगलं. आणि गोल फिरायला लागला.

मला काकू दिसत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात, हातात भाताचं ताट. अप्पांची पळी हवेतच राहिली. ओरडले असते तर पिल्लू घाबरून तिथंच बसलं असतं. ते खाली वाकले आणि त्या दुसऱ्या आवाजात म्हणाले, “होरग होग, मापट्या. होरग होग.”

मापट्या थांबला. मान वाकडी करून त्यांच्याकडं बघितलं. मग पन्नास माणसांच्या पानांमधून, तरटाच्या पूर्ण लांबीवरून, तो चालत गेला आणि उंबरा उतरून शेवग्याखालच्या मातीत गेला. अप्पांनी पातेल्यासकट तोंड फिरवलं. काहीच न कळता निम्म्या पंगतीनंही फिरवलं.

“लाभ!”

हुग्गी सांडली. एका म्हाताऱ्यांना वाटलं खिरीची मोजणी चालू झाली. त्यांनी घाईघाईनं वाटी पुढं केली. आणि आरोळी ऐकून हरखलेला मापट्या चिखलाच्या चारी पायांनी तडक आत पळत आला तो थेट स्वामींच्या पांढऱ्या आसनावर. चार ठसे, अगदी ठळक.

स्वामींनी ठशांकडं बघितलं, पिलाकडं बघितलं, मग काय प्रकार आहे ते अप्पांना विचारलं. अप्पांनी हात जोडून शालीपासून मुगापर्यंत सगळं सांगितलं. स्वामी पोट धरून हसले. “मग आमचे धुतले, ह्याचे कामून न्हाई धुतले?” ते म्हणाले. “ह्यो बी घरी आलेलाच हाय की.”

काकू तांब्या घेऊन आल्या, खाली बसल्या, आणि ज्या बाईनं त्या पिलाला इतक्या दिवसांत बोट लावलं नव्हतं, तिनं त्याचे चारी पाय धुतले. संध्याकाळी अंगणात केळीच्या पानाच्या तुकड्यावर हुग्गी दिसली. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, “उरली हुती.” मंगळवारी कुणी लोह्याचं नाव काढलं नाही.

पुढं मला नांदेडच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी उदगीर सोडलं. फोन व्हायचे. अप्पा फोनवरही पत्र्याच्या शेडखाली असल्यासारखे बोलायचे, म्हणून मी तो कानापासून लांब धरायचे. मग गेल्या उन्हाळ्यात फोन काकूंचा आला. अप्पांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

दिवाळीच्या सुट्टीत गेले. बैठकीच्या खोलीत मधोमध पलंग होता. अप्पा निम्मे झाले होते. डाव्या हातानं त्यांनी माझा हात धरला आणि काहीतरी बोलले. मला कळलं नाही, पण डोळे तेच होते. पलंगाखाली मापट्या, आता चांगला दांडगा झालेला.

काकू मला आत घेऊन गेल्या. “पहिले दोन महिने लई वंगाळ गेले,” त्या म्हणाल्या. “अंथरुणात व्हायचं, आन् ह्ये रडायचे. मग पानीच प्यायचं सोडलं. पानी प्यालं न्हाई म्हंजे अंथरून भिजनार न्हाई, आसं डोकं लावलं. डाक्तर वरडला. मी म्हनलं ह्यांना, आवो, कळतंय तुम्हाला, आवरत न्हाई. कळनं येगळं आन् आवरनं येगळं. मापट्याला शिकवलंव, तसं मी तुम्हाला शिकविते.”

लातूरहून लेकानं भांडं बसवलेली एक खुर्ची आणून दिली होती. काकूंनी ती आधी पलंगाला चिकटून ठेवली. मग रोज सकाळी वीतभर दाराकडं सरकवली. फक्त वीतभर. अप्पांना तेवढंच एक पाऊल जास्त टाकावं लागायचं. खुर्ची आता उंबऱ्यापर्यंत पोचली होती. आणि त्या दिवशी सकाळी काकूंनी ती मुद्दामच उचलून आतल्या खोलीत ठेवून दिली होती, आता थेट संडासापर्यंत चालायचं म्हणून.

थोड्या वेळानं अप्पा काठी टेकत उठले. काकूंनी हात पुढं केला नाही, नुसत्या शेजारी चालल्या. उंबऱ्यापाशी अप्पा थांबले आणि मागं बघितलं. मग उतरले. अंगण, शेवगा, पलीकडं संडासाचं दार. मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघत होते.

“मॅडम,” काकू म्हणाल्या, “तोंड फिरवा.”

मी भिंतीकडं वळले. मापट्या आधीच तिथं भिंतीकडं तोंड करून बसला होता. मागं दार लागल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पाण्याचा. कडी निघाली. आणि जन्मभर घरात मोंढा भरवू नका म्हणणाऱ्या काकूंनी, तीन घरं सोडून ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली:

“लाभ!”